चढावरची निळी गाडी

गॅरेजच्या पाटीवर त्यांचं खरं नाव रंगवलेलं होतं, पण पाटी वाचून कोणी आत येत नसे. येणारा फाटकातूनच विचारायचा, "वैद्य आहेत का?"

हे नाव त्यांना तपासणीवरून पडलं. इंजिन चालू ठेवायचं, हातभर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याला टेकवायचं, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. दोन मिनिटांनी वैद्य डोळे उघडत आणि सांगत, तिसऱ्या सिलिंडरचा वॉल्व्ह ढिला आहे, किंवा पंपाचं बेअरिंग आणखी वर्षभर काढेल, पुढचं देवाला ठाऊक. खोलून पाहिलं की नेमकं तेच निघायचं. जुनी गाडी घेणारे लोक त्यांना सोबत नेल्याशिवाय सौदा करत नसत. जुन्या गाड्यांचा दलाल गमतीने म्हणायचा, की हा माणूस आवारात शिरला की माझ्या गाड्या आपणहून खरं बोलायला लागतात, माझं पोट कसं भरायचं.

टर्बोच्या बाबतीत वैद्यांचं मत ठरलेलं होतं. विचारणाऱ्याला ते समजावून सांगत. टर्बो म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा मुठीएवढा पंखा. तो इंजिनात हवा कोंबतो, म्हणून लहानसं इंजिनही चढाला दमत नाही. पण तो मिनिटाला लाखभर फेरे घेतो आणि जगतो तेलाच्या पातळशा थरावर. पळवून आणलेली गाडी मिनिटभर नुसती चालू न ठेवता फट्‌कन बंद केली, तेल वेळेवर बदललं नाही, की तो आतल्या आत झिजतो आणि मग बारीक, उंच शिट्टी घालू लागतो. साध्या इंजिनाला ही कटकट नाही. ते आपल्याच श्वासावर चालतं; चढावर धापा टाकेल, पण पोचवेल.

"साधी गाडी घेतली तर नुसती गाडी घरी येते," ते म्हणत. "टर्बोची घेतली तर आधीच्या मालकाच्या सवयीही मागच्या सीटवर बसून येतात."

असं मत असलेल्या माणसाने सख्ख्या बहिणीला टर्बोची गाडी घेऊ दिली.

बहीण त्यांच्याहून नऊ वर्षांनी लहान. आई लवकर गेली, तेव्हा तिची वेणी घालण्यापासून ते परिचारिकेच्या शिक्षणाला पाठवण्यापर्यंत सगळं वैद्यांनीच केलं. पुढे तिचा नवरा गेला, पदरात एक मुलगी राहिली, तरी तिने भावापुढे कधी रडगाणं गायलं नाही. सतरा वर्षं तिने शहरातल्या दवाखान्यात रात्रपाळ्या केल्या. मग डोंगरावरच्या वृद्धाश्रमात मुख्य परिचारिकेची जागा निघाली आणि तिची निवड झाली. दिवसाचं काम, स्वतःचं टेबल, हाताखाली चार जणी. अट एवढीच, की सकाळी सातला हजर राहायचं आणि पहिले तीन महिने एकही खाडा चालणार नाही. पहिली बस आठनंतर. म्हणजे गाडी हवी. आणि रस्ता म्हणजे अकरा किलोमीटर नुसता चढ.

या सुमाराला वैद्यांच्या घरी एक गोष्ट चालली होती, ती बाहेर कोणाला माहीत नव्हती. स्वयंपाकघरातली चहाची किटली शिट्टी घालून घालून कोरडी पडायची आणि वैद्य तिच्याजवळच पेपर वाचत बसलेले असायचे. बायको धावत यायची. ते म्हणायचे, लक्ष नव्हतं. एकदा अंगणात बसले असता ते सहज म्हणाले, "हल्ली रातकिडे किती कमी झालेत." रातकिड्यांनी त्या वेळी नुसता उच्छाद मांडला होता. बायकोला वाटलं, यांचं सगळं नाव कानावर उभं आहे, त्यालाच कसा हात लावू? देवापुढे दिवा लावताना तिने ते देवाच्या कानावर घातलं आणि आपलं कर्तव्य संपलं असं मानलं. देवाला सांगितलेली गोष्ट कधी कधी माणसालाही सांगायची असते, हे तिला फार उशिरा कळलं.

खुद्द वैद्यांना शंका येत नव्हती असं नाही. पण इंजिनाची धडधड, टकटक, बेअरिंगची घरघर, सगळं त्यांना पूर्वीसारखं ऐकू येत होतं. मग बिघडलं कुठे? असं स्वतःला विचारून ते स्वतःच उत्तर देत आणि ते उत्तर त्यांना पटतही असे.

दलालाच्या आवारात त्या दिवशी दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. पांढरी साध्या इंजिनाची, जरा जुनी, दाराला ओरखडे. निळी टर्बोची, तीन वर्षं अलीकडची, आतून लख्ख. बहिणीने आधी पांढरी चालवून पाहिली. आवारामागच्या टेकाडावर ती दुसऱ्या गिअरमध्ये रडतखडत चढली. मग निळी घेतली. ती अशी गेली, जणू टेकाड नव्हतंच. परत आल्यावर बहिणीचा चेहरा असा फुलला होता, की वैद्यांना ती शाळेत पहिली आली होती तो दिवस आठवला.

"दादा, मला कळतं तू काय म्हणणार ते," ती म्हणाली. "पण तू एकदा तपास. तू चांगली म्हणालास तर घेते. नको म्हणालास तर ती पांढरी म्हातारी घेते, वाटेत तिच्याशी गप्पा मारत जाईन."

वैद्यांनी निळीचं झाकण उघडलं. तेल पाहिलं, धूर पाहिला. स्क्रूड्रायव्हर लावून डोळे मिटले. खालची धडधड एकसारखी, स्वच्छ. कुठे टकटक नाही, घरघर नाही. दलालाला त्यांनी इंजिनाचा वेग वाढवायला सांगितलं. तरीही स्वच्छ.

भाची बाजूला उभी होती. ती म्हणाली, "मामा, ती बारीक शिट्टी कसली?"

वैद्यांनी डोळे उघडले. पुन्हा कान दिला. काही नाही. त्यांनी पाहिलं तर बहीण त्यांच्याकडेच बघत होती, दलालही बघत होता. हवेचा नळ सोडवून पंख्याचा दांडा बोटांनी हलवून बघायचा, एवढंच करायला हवं होतं. दहा मिनिटांचं काम. दुसऱ्या कोणाची गाडी असती तर त्यांनी ते केलंही असतं. पण नळ सोडवायचा म्हणजे पोरीला जे ऐकू आलं ते आपल्याला आलं नाही, हे चारचौघांत कबूल करायचं.

"कानात दिवसभर गाण्यांची बोंडं घालून बसतेस, म्हणून शिट्ट्या ऐकू येतात," ते भाचीला म्हणाले. सगळे हसले. भाचीही हसली, जराशी. मग ते बहिणीकडे वळले. "घे. चांगली आहे."

दीड महिना गाडी छान चालली. बहीण पहाटे देवाला नमस्कार करून निघायची, सातला दहा कमी असताना वर पोचायची. आश्रमातल्या एका आजोबांनी तिच्या गाडीला 'निळा घोडा' नाव ठेवलं होतं आणि ते खिडकीत बसून घोड्याची वाट बघायचे. रविवारी भावाकडे आली की ती हे सगळं सांगायची आणि वैद्य मान खाली घालून हसायचे. त्यांना वाटायचं, आपण उगाच टर्बोला नावं ठेवत होतो.

मग एका धुक्याच्या सकाळी, नवव्या किलोमीटरला, गाडीने मागून निळसर पांढरा धूर सोडला, ताकद टाकली आणि थांबली. बहीण उरलेले दोन किलोमीटर चालत गेली. पोचायला साडेसात वाजून गेले. पुढे आठवडाभर मिळेल त्या वाहनाला हात करून तिने दिवस काढले, त्यात दोनदा उशीर झाला, एकदा जाताच आलं नाही. आश्रम चालवणाऱ्या बाईंनी चहा पाजून, फार गोड शब्दांत सांगितलं, की आम्हाला दुसरी व्यवस्था बघावी लागेल. बहीण जुन्या दवाखान्यात परत गेली. तिथे रात्रपाळी तिची वाटच बघत होती.

गाडी ओढून वैद्यांच्या गॅरेजमध्ये आणली होती. त्यांनी तो नळ आता सोडवला. पंख्याचा दांडा बोटाने धरला तर तो इकडून तिकडे हलत होता. पात्यांची टोकं भोवतीच्या कवचाला घासून चकचकीत झाली होती आणि टर्बोने गिळलेलं तेल नळात ओघळलं होतं. असं घासायला महिनोन्‌महिने लागतात, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कोणाला कळणार? म्हणजे दलालाच्या आवारातही तो पंखा घासत होता. शिट्टी घालत होता. पोरगी खरं बोलत होती.

ते हात न धुताच घरी गेले आणि बायकोला विचारलं, "रातकिडे खरंच कमी झालेत का गं?"

तिने पदर डोळ्यांना लावला, तेव्हा त्यांना उत्तर मिळालं.

कानाच्या तपासणीला त्यांना काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. सुरुवातीला त्यांनी भराभर बटणं दाबली. मग तपासणाऱ्या बाईंचा हात काचेपलीकडे चकतीवर फिरत राहिला, त्या मान वर करून त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि वैद्य बटणावर अंगठा ठेवून नुसते बसून राहिले. बाहेर आल्यावर बाईंनी सांगितलं, खालचे आवाज शाबूत आहेत, वरचे गेलेत, बरीच वर्षं झाली असतील. यंत्रांजवळ आयुष्य काढणाऱ्यांचं असं होतं. त्यांनी विचारलं, तुमच्या घरच्यांच्या लक्षात नाही आलं? वैद्य म्हणाले, घरच्यांचा माझ्यावर विश्वास आहे.

तिथून ते थेट बहिणीकडे गेले. दुपारची वेळ होती. रात्रपाळी करून ती झोपून उठली होती, डोळे सुजलेले होते. लहानशा स्वयंपाकघरात तिने त्यांना स्टुलावर बसवलं, चहासाठी किटलीत आधण ठेवलं. वैद्यांनी इकडचं तिकडचं काही न काढता सगळं सांगितलं. शिट्टी होती, मला ऐकू आली नाही, आणि तपासायचं सोडून मी पोरीची थट्टा केली. निळी घेतली त्याच आठवड्यात पांढरी गाडी त्यांनी एका शाळामास्तरांना घ्यायला लावली होती. ती अजून रोज चढ चढते, हेही त्यांनी सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती, पण त्यांना काहीच मागे ठेवायचं नव्हतं.

बहीण ओट्याला टेकून ऐकत होती.

"शिट्टी मलाही ऐकू आली होती, दादा," ती म्हणाली.

वैद्यांनी वर पाहिलं.

"पहिल्या दिवशी टेकाडावर ऐकू आली. मग रोज, चढावर. मला वाटलं, तू एवढा डोळे मिटून ऐकलंस, म्हणजे तुला ती आलीच असणार. तू काही बोलला नाहीस, म्हणून मी समजले, ती चांगली शिट्टी असेल. एकदा फोन करून विचारणार होते. पण वाटलं, दादाला विचारायचं म्हणजे त्याच्यावर शंका घेतल्यासारखं होईल."

तिने शिव्या दिल्या असत्या तर वैद्यांनी त्या पदरात घेतल्या असत्या. आपण खोटं बोललो असतो तर निदान माफी मागता आली असती. पण तिने आपल्या स्वतःच्या कानांवर अविश्वास दाखवला होता, आणि तो त्यांच्यावरच्या विश्वासापोटी. तो विश्वास त्यांनी वेणी घालण्याच्या वयापासून तिच्यात घातला होता. त्याची माफी कुठल्या तोंडाने मागणार?

"तू सांगितलं असतंस की मला ऐकू येत नाही," ती हळू आवाजात म्हणाली, "तर मी ऐकलं असतं तुझ्यासाठी. तेवढं तर मला येत होतं."

तिने डोळे पुसले नाहीत, कारण ती रडत नव्हती. नुसती दमलेली होती, आणि संध्याकाळी पुन्हा कामाला जायचं होतं. खिडकीखाली निळी गाडी उभी राहायची. तिथे आता शेजाऱ्याची सायकल टेकवलेली होती.

वैद्यांची नजर शेगडीकडे गेली. किटलीच्या तोंडातून पांढरी वाफ सरळ वर निघाली होती. खोलीत त्यांच्यापुरती शांतता होती. पूर्वीसारखं गप्प राहता आलं असतं, किंवा वाफ बघून ऐकल्यासारखं करून उठता आलं असतं.

"वाजली का गं?" त्यांनी विचारलं.

"हो दादा," ती म्हणाली. "केव्हाची वाजतेय."

आणि उठून तिने गॅस बंद केला.