नाबोराने राखलेलं झुडूप

तांबेरा रोगाने आमच्या मिश्तेक डोंगरावरची कॉफी खाल्ली, तेव्हा नाबोराने आपली सगळी जुनी झुडपं स्वतःच्या हाताने कोयत्याने तोडली आणि नवी रोपं लावली. एकच झुडूप तिने ठेवलं. त्याच्या बुडाशी तिच्या मुलाची, एलादियोची, नाळ पुरलेली होती. एलादियो कमवायला सीमेपलीकडे उत्तरेला गेला, त्याला बरीच वर्षं झाली.

तिची जाऊ फाउस्ता दरवर्षी फळं तोडताना त्या झुडपापाशी थांबून तोंड वाकडं करायची.

"अगं, याला मूठभर फळ येत नाही. वर नव्या रोपांना रोग लावेल. कशाला पोसतेस?"

टोपलीत चुकून पडलेली हिरवी फळं वेचून टाकत नाबोरा म्हणाली, "एलादियोकडून तरी काय आलं आजवर? त्याच्यावरही कोयता चालवू?"