एका ओळीत अख्खं गाव

आमच्या चर्चच्या ऑफिसात काहीच फेकून देत नाहीत. कागदांसाठी कपाट आहे आणि किश्शांसाठी आता मी आहे!

सहा वर्षं बाहेर शिकून मी वसईला परत आले, ती गावासाठी काहीतरी करायचंच असं ठरवून. तेवढ्यात नोव्हेंबर आला. हा आमचा मृतांच्या स्मरणाचा महिना. घरोघरच्या लोकांनी चिठ्ठीवर आपल्या गेलेल्या माणसांची नावं लिहून द्यायची आणि दर रविवारी मिस्साच्या उपासनेत फादरांनी ती वाचायची. ऑफिस सांभाळणारे बावतीस काका त्या चिठ्ठ्या वहीत उतरवायचे. त्यांचं अक्षर वाचताना फादर दरवर्षी दोन-चार नवीन संत जन्माला घालायचे.

मी म्हटलं, "काका, वही बंद! नावं डेटाबेसमध्ये टाकू. बटण दाबलं की प्रोग्राम एकेक नाव उचलेल, पुढे स्वल्पविराम लावेल आणि सगळी एकाच ओळीत जोडून फादरांच्या मोबाइलवर पाठवेल."

"अख्खं गाव एका ओळीत?" काका म्हणाले. "बाय, आपल्याकडे बसला पण कोण लाइनीत उभं राहत नाही!"

*

पहिला रविवार. प्रोग्रामच्या ज्या कप्प्यात, म्हणजे व्हेरिएबलमध्ये, ही ओळ साठवायची, त्याला मी जागाच कमी दिली होती. नावं चिठ्ठ्या आल्या त्या क्रमाने लागलेली. नताल मावशी केळीच्या बागेतून धावतपळत सगळ्यात शेवटी आली होती, म्हणून तिच्या नवऱ्याचं, इनासचं नाव शेवटी.

फादरांनी वाचलं, "आंतोन, रेमेत, इना..." आणि ओळ संपली.

बाहेर मावशीने मला गाठलं. "काय गं, माझा नवरा अर्धाच वर पाठवलास?"

*

दुसऱ्या रविवारपर्यंत मी जागा भरपूर वाढवली. पण कुणीतरी चिठ्ठीवर नुसता घर नंबर लिहून "नाव नंतर सांगतो" म्हणून गेलं होतं. काकांनी प्रामाणिकपणे तशीच नोंद केली, नावाची जागा रिकामी. आणि आमच्या डेटाबेसचा स्वभाव असा, की रिकाम्याला काहीही जोडा, सगळंच रिकामं!

फादरांनी मोबाइल उघडला. वरखाली केला. चष्मा पुसला. मग म्हणाले, "आज आपल्या गावात कोणी मेलेलंच दिसत नाही."

काका माझ्या कानात पुटपुटले, "एक घर आलं नाही म्हणून अख्खी वरात रद्द?"

नताल मावशी नुसती माझ्याकडे बघून गेली. ते जास्त लागलं.

*

मग लक्षात आलं, की एकाच माणसाचं नाव त्याची सगळी मुलं वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर देतात. मी हुशारी केली. प्रोग्रामला सांगितलं, तेच नाव पुन्हा आलं तर सोडून दे.

आमच्या गावात सात इनास वारलेत, हे मी बाहेर राहून साफ विसरले होते!

तिसऱ्या रविवारी इनास एकदाच वाचला गेला. चर्चच्या पायऱ्यांवर जुंपली.

"तो आमचा होता!"

"कशावरून? चिठ्ठी आमची आधी होती!"

नताल मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "जिवंत होता तेव्हा माझ्या वाट्याला कधी अख्खा आला नाही. आता सात जणींत वाटून घेऊ?"

फादरांनी मला बाजूला घेतलं. "बाळ, एकच रविवार उरलाय. मावशीचा इनास यंदा आला नाही, तर पुढच्या वर्षी वही."

काका प्रेमाने कपाटाकडे बघत होते.

*

तो आठवडा मी सायकलवर घरोघर फिरले. प्रत्येक नावाला घराची ओळख जोडली: टांगेवाल्यांचा इनास, चिंचेखालचा इनास. मावशीचा, विहिरीवरचा इनास अजूनही ओळीत शेवटीच. रिकामी जागा एकही ठेवली नाही. सगळं सातदा तपासलं. फक्त शेवटच्या नावापुढचा स्वल्पविराम कापायचा राहून गेला.

एव्हाना फादरांना मोबाइलची सवय झाली होती. स्वल्पविराम दिसला की थांबायचं आणि पुढचं नाव शोधायचं.

चौथा रविवार. सहा इनास झाले. मी बोटांवर मोजत होते.

"विहिरीवरचा इनास," फादरांनी वाचलं.

मावशीने क्रुसाची खूण केली. फादर थांबले. स्क्रीन वर सरकवला, खाली सरकवला. अख्खं चर्च वाट बघत राहिलं, इनासनंतर कोण?

मधल्या बाकावरून नताल मावशीचा आवाज आला, "माझ्यासाठी थांबू नका, फादर! मी एवढ्यात येत नाही!"