मुरूम किती फुटांवर

शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर बांधकामाआधी माती तपासायला यंत्र आलंय. मी खिडकीत उभा राहून पाहतोय. पंधरा फूट खाली गेले, तरी काळी, चिकट मातीच वर येतेय; पाया टेकवायला लागतो तो कडक मुरूम अजून लागलेला नाही. मजूर ती पिशवीत भरतो आणि वर खोली लिहितो.

आम्ही घर बांधलं तेव्हा या मातीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. तिला विचारलं मात्र काहीच नाही. ज्याच्या भरवशावर आयुष्य उभं करायचं, त्याला आपण नमस्कार करतो आणि मोकळे होतो.

"काका, तुमच्या घराला मुरूम किती फुटांवर लागला होता?" मजुराने खालून विचारलं.

"पाहिलंच नाही," मी म्हणालो आणि खिडकी ओढून घेतली. चौकट वाकडी झाल्यापासून ती पुरती बंदच होत नाही.