दीक्षाची टाळी

दीक्षा आमच्या अमरावतीच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहते आणि इंजिनिअरिंग कॉलेजात ‘सिग्नल्स अँड सिस्टिम्स’ शिकवते. तिची एक खोड आहे. नव्या खोलीत शिरली की आधी एक टाळी वाजवते. माझ्या स्वयंपाकघरातही वाजवली होती. ‘‘काकू, तुमची खोली लवकर गप्प बसते,’’ म्हणाली. माझ्याविषयी असं कुणी कधी म्हटलेलं नाही.

तिचे वडील बुधाजी अकोल्याला मुलाकडे असतात. मातीचं घर पाडून स्लॅबचं झालं आणि त्यांनी कानातलं यंत्र डब्यात टाकलं. हळूहळू बोलणंही सोडलं. यंत्र दोनदा तपासलं, ठीक निघालं. ‘‘बाबा असेच मुके होऊन बसतील हो,’’ दीक्षा म्हणाली, तेव्हा मीही तिच्याबरोबर अकोल्याच्या गाडीत बसले.

बुधाजी बाहेर ओट्यावर होते. तिनं यंत्र पुढे केलं.

‘‘नोको. आवाज येते, बोलनं समजत नाही. सारे विहिरीतून बोलून राहिले.’’

दीक्षा आत गेली आणि टाळी वाजवली. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती. टाळी खणखणतच राहिली. आमच्या कॉन्व्हेंटच्या चॅपेलमध्ये सिस्टरांचा शब्द असाच घुमायचा.

‘‘ऐकलं? खोलीनं टाळीला शेपूट लावलं,’’ ती मला म्हणाली. ‘‘बोलण्यातला प्रत्येक आवाज म्हणजे एक छोटी टाळी. एकीचं शेपूट दुसरीवर पडतं, आणि यंत्र बिचारं शेपटंही मोठी करतं. वहिनी, गोधड्या काढा!’’

‘‘भिंतीवर?’’ वहिनी चंदा हसली. ‘‘लोक म्हनतीन, पोरानं रातच्याले ओली केली!’’

तरी तिनं पेटी उघडली. दोन भिंतींवर गोधड्या टांगल्या, खाली सतरंजी अंथरली. दीक्षानं पुन्हा टाळी वाजवली. टप्. संपली.

बुधाजींना आत आणून यंत्र लावलं. आम्ही सगळ्या त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो. ते भिंतीकडे बघत होते. चंदा उठून कणीक मळायला गेली.

स्वयंपाकघराच्या दारातून चंदा पुटपुटली, ‘‘आता ह्या गोधड्या कोन झटकन? मीच!’’

‘‘मी झटकतो ना, माय.’’

चंदा पीठ लागल्या हातांनी तशीच बाहेर आली. ‘‘मामाजी, आयकू आलं तुमाले?’’

‘‘तू पयलेबी एवढीच बडबड करत होती काय वं?’’

दीक्षानं तिसऱ्या टाळीसाठी उचललेले हात तोंडावर धरले.

चहा झाला. कप घेऊन बुधाजी ओट्यावर गेले नाहीत.