वडिलांची लवंग आणि माझा गाल

वडिलांचं दुःख मी डाव्या गालात धरलं होतं.

ते गेले तेव्हा मला रडू आलं नाही. मी फक्त त्यांची लवंगांची डबी उचलली. जेवण झालं की ते एक लवंग गालात धरून बसत. मीही धरू लागलो. फरक एवढाच, की ते जेवणानंतर धरत आणि मी आठवण आली की. (आठवण दिवसभर येई.)

काही आठवड्यांनी तिथे फोड आला. पांढरा, लांबट आणि एका टोकाला गोळा! माझ्या बायकोने, सुनंदाने, मोबाईलच्या उजेडात पाहिला आणि ती मटकन खाली बसली.

"अहो, हे साधं तोंड येणं न्हाई. खिळ्यासारखं दिसून राह्यलं!"

"फारसं दुखत नाही गं."

"न दुखणारंच वाईट असतं!"

घरात एक फोटो नुकताच लागला होता. दुसऱ्यासाठी खिळा ठोकायची तिची तयारी नव्हती.

तिने टेंभुर्णीहून आत्याला बोलावलं.

"बापू, खरं सांग. गुटखा खाऊन राह्यलास का?"

"आत्या, मी सुपारीसुद्धा खात नाही!"

"मंग बिलकुल घाबरू नको. लवंगेचं तेल लाव."

सकाळ-संध्याकाळ तेलाचा बोळा. मधल्या वेळात, धीर यावा म्हणून, लवंग. फोड वाढला. आत्याने तेल वाढवलं.

शेवटी मस्तगडला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. दोघीही माझ्यामागून आत शिरल्या.

"तंबाखू? मिश्री?"

"नाही."

"तुकडा काढून तपासावा लागेल कदाचित." सुनंदाने पदर तोंडाला लावला. "मोठा आ करा."

बाईंनी चिमट्याने गालातून काहीतरी उचललं आणि फोडावर धरून पाहिलं. बरोबर बसलं!

"हे काय?"

"लवंग," मी म्हणालो. "वडिलांची."

"आणि वरून काय लावता?"

आत्या छताकडे पाहू लागली.

"लवंगेने भाजलंय हे. लवंग बंद, तेल बंद. तरी भरलं नाही, तर तुकडा काढू."

बाहेर येऊन सुनंदा जिन्यातच बसून हसली. वडील गेल्यापासून पहिल्यांदाच. आत्या मात्र चिडली. "दादाची आठवण येती तर फोटोला हार घाल की! तोंडात कशाला ठेवतो?"

फोड बरा झाला. परवा आम्ही तिघं पुन्हा दाखवायला गेलो.

"डावा गाल छान झालाय," बाई म्हणाल्या. मग थबकल्या. "आणि हे उजव्या गालात कधीपासून?"

सुनंदाने हात पुढे केला. मी डबी दिली. तिने उघडली. रिकामी होती.

मग तिघींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी ते घट्ट मिटून घेतलं.