तुयो की तुझो

ओल्ड एअरपोर्टच्या रस्त्यावर पाणी तुंबलं होतं. कतारमधल्या दोह्यात जरा बरा पाऊस पडला की असंच होतं. टँकर येतात, रस्त्यात सोंडा सोडतात आणि दिवसभर पाणी ओढत बसतात. शाळांना सुट्टी होती. मधुराचा नवरा कुणाल मेसईदला कारखान्यातच अडकला होता. आणि त्यांच्या फ्लॅटात कामाला असलेल्या रोवेनाने सकाळपासून गॅसवर चॉकलेटची पेज ठेवली होती. घट्ट झाली की पाणी घालायची, ढवळायची, पुन्हा आच बारीक करायची. कोणाला वाढत नव्हती, स्वतःही खात नव्हती. फोन डाळीच्या डब्याला टेकवून समोर उभा केलेला.

फिलिपिन्समधल्या तिच्या बेटावर, समारला, परवा वादळ येऊन गेलं होतं. तेव्हापासून गावातला एकही फोन लागत नव्हता. त्या गावात तिची आई होती आणि जेनलिन होती, तिची मुलगी.

रोवेना या घरात आली ती त्यांच्या मुलीच्या, भैरवीच्या जन्माच्या वेळी. बाळाच्या कानावर चांगलं इंग्रजी पडेल, असा मधुराचा पुणेरी हिशोब. पण मग वेंगुर्ल्याला कुणालचे वडील गेले आणि तो आईला इकडे घेऊन आला. माईंना ना हिंदी येत होती, ना इंग्रजी. दिवसभर स्वयंपाकघरात दोघीच. बघता बघता रोवेना मालवणी बोलायला लागली. मधुराच्या मैत्रिणी आल्या की ही दारातून विचारायची, "चाय ठेवू काय गो?" आणि मधुराला कुठे तोंड लपवू असं व्हायचं. भैरवी तर आजीच्या बोलण्याला इंग्रजीतच उत्तर द्यायची. ते रोवेना मालवणीत करून माईंना सांगायची. नातीचं बोलणं आजीला समजायचं ते या परक्या बाईच्या तोंडून.

माई आल्या तेव्हा जेवत नव्हत्या. ताट पुढे आलं की मागे सरकवायच्या. अशाच एका पावसाच्या दिवशी रोवेनाने तिच्या घरची पेज केली, चिकट तांदूळ आणि कोको घालून. तिच्याकडे पाऊस लागला की हीच करतात, आणि सोबत भाजलेली खारी सुकी मासळी. माईंनी काळी पेज बघून नाक मुरडलं. चॉकलेटात भात कोण शिजवतं, ह्या काय कुत्र्याक घालूचा, असं पुटपुटल्या. पण मासळीचा वास आला आणि त्यांचा हात थांबला. पेज आणि भाजलेला सुको बांगडो, वेंगुर्ल्यातला त्यांचा अख्खा पावसाळा यावर निघायचा. रोवेनाने मासळीकडे बोट दाखवून म्हटलं, "तुयो."

तिच्या देशात सुक्या मासळीला तुयो म्हणतात. माईंनी ऐकलं, तुझो. बिचारीला झ म्हणता येत नाही, असं त्यांना वाटलं. परमुलखात कुणीतरी आपल्यापुढे मासा ठेवून हा तुझा म्हणतंय, म्हणून त्या जेवल्या. अर्धा मासा मोडून रोवेनाच्या ताटात टाकला आणि म्हणाल्या, "आणि ह्यो तुझो."

घोटाळा रोवेनाच्या लक्षात आला तो मालवणी कळायला लागल्यावर. तिने तो दुरुस्त केला नाही. तेव्हापासून घरात मासळी भाजली की एकमेकींच्या ताटात अर्धी टाकायची आणि तुझो म्हणायचं, असं चालत आलं होतं.

दोघींच्या घरच्या रीती वेगळ्या. रोवेनाचे वडील आणि भाऊ होडीवर जायचे. पावसाच्या दिवशी शेवटचा माणूस घरी आल्याशिवाय पेजेला कुणी हात लावायचा नाही. घट्ट झाली तर पाणी घालत राहायचं. माईंचं घर उलट. तिथे उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा तर पोटात काहीतरी घालूनच. बस सुटेल म्हणून ओरडणाऱ्या कुणालच्या तोंडातही त्या दोन घास कोंबायच्या. ही रीत रोवेनाने उचलली होती.

वादळाच्या दिवशी फोन लागला तेव्हा गावातली माणसं शाळेच्या इमारतीकडे निघाली होती. जेनलिन रेनकोट घालून तयार होती. चुलीवर पेज होती. रोवेनाने फोनवर सांगितलं की आधी जेवा, मगच निघा. फोन ठेवल्यावर तिने माईंनाही ते सांगितलं, आणि माईंनी मान डोलावली होती, "बरा सांगितलंस."

जेवणापायी निघायला उशीर झाला असेल तर, या धास्तीने ते दोन शब्द आता माईंना टोचत होते. त्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून होत्या. दर थोड्या वेळाने विचारायच्या, "इलो काय गो फोन?" रोवेना नाही म्हणून मान हलवायची.

मधुराने आपल्या परीने सगळं केलं. हेल्पलाइनवर ताटकळली, ग्रुपांवर नावं टाकली, फोटो टाकले. कुणाचंच उत्तर नव्हतं. दुपारी खालच्या मजल्यावरून भाजलेल्या मासळीच्या वासाची तक्रार आली. मधुरा दारात येऊन हळूच म्हणाली की रोवेना, आता बंद कर ना, भांडं करपेल. रोवेनाने आणखी थोडं पाणी घातलं. मधुराचा हात गॅसच्या बटणाकडे गेला.

"गॅसाक हात लावू नको," माई म्हणाल्या. सुनेशी त्या स्वरात त्या कधी बोलल्या नव्हत्या.

फोन वाजला तो त्यानंतर. गावातल्या शेजारणीचा रेकॉर्ड केलेला निरोप होता. रोवेनाने तो उभ्याने ऐकला, पुन्हा एकदा ऐकला आणि मग फरशीवर बसली. भैरवी दारातून विचारत होती, इज जेनलिन ओके? रोवेनाने उत्तर दिलं ते माईंकडे बघून.

"चेडू जित्ता आसा."

पोर जिवंत आहे. माईंनी हात जोडले. पण रोवेनाचं बोलणं संपलं नव्हतं. आईने जेनलिनला वाटीभर पेज घाईघाईने भरवली आणि शेजारणीबरोबर पुढे पाठवलं. भांड्यात बरीच उरली होती. शाळेत लोक उपाशी असतील, मी भांडं घेऊन मागून येते, म्हणाली. मग समुद्र आत आला. घर नाही. आईही नाही. "सोदतत," रोवेना म्हणाली. शोधतायत.

मधुरा रडायला लागली. विमानं सुरू झाली की पहिलं तिकीट तुझं, कुणालला आत्ताच सांगते, असं काहीबाही बोलत राहिली. रोवेना हो हो करत होती.

माई उठल्या. ताटलीत पेज वाढली, भाजलेला मासा ठेवला. थोडी पेज ओट्यावर सांडली. त्या रोवेनासमोर खाली बसल्या, गुडघे दुखतात म्हणून एरवी कधी बसत नसत.

"माकाच कळाक होया होता गो," त्या म्हणाल्या. तेव्हा मान डोलावण्याआधी मलाच कळायला हवं होतं.

माईंनी ताटली पुढे सरकवली. "खा. ह्यो तुझो."

रोवेनाने माशाकडे पाहिलं.

"माझो नाय, माई. आयेचो."

ती उठली. एका वाडग्यात ती पेज ओतली, वर मासा ठेवला, झाकण घातलं आणि वाडगा भिंतीशी सरकवून ठेवला. मग पुन्हा फोनसमोर जाऊन उभी राहिली.

गॅसवरची पेज पुन्हा घट्ट झाली होती. माईंनी तिच्यात पेलाभर पाणी घातलं, आच बारीक केली आणि ढवळत राहिल्या.