निळ्या फायलींतले पेनरिज

"शूबॉक्स कुठे आहेत?" बाईंनी दुकानात शिरताच विचारलं. हातात एक पत्र होतं.

"कुठले?"

"मिस्टर पेनरिजचे. कार्डांचे."

ते बॉक्स मी आदल्या दिवशी टिपवर, म्हणजे कौन्सिलच्या कचरा डेपोत, टाकून आलो होतो.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतली. माझा धंदा हाउस क्लिअरन्सचा. माणूस गेला की त्याचं घर रिकामं करायचं. विकाऊ ते दुकानात, बाकीचं टिपवर. एका जुन्या व्हॅनवर सुरू केला, कोणाचा हात न धरता.

पेनरिज हे निवृत्त बस ड्रायव्हर, एकटेच. त्यांना वन-नेम स्टडीचा नाद होता. आपल्या आडनावाचा माणूस जगात कुठेही असो, त्याची नोंद करायची. इकडे हा छंद बऱ्याच जणांना असतो. नामांकित पेनरिज निळ्या फायलींत: एक अ‍ॅडमिरल, एक बिशप, दोन क्रिकेटपटू, त्यांच्या सह्या, पत्रं. साधे पेनरिज एकोणीस शूबॉक्समध्ये, म्हणजे बुटांच्या खोक्यांत, माणशी एक कार्ड.

ते वारले तेव्हा फ्लॅट कौन्सिलचा, भाड्याचा होता. किल्ल्या सोमवारी परत द्यायच्या म्हणून त्यांचा पुतण्या घाईत होता. मला तेवढंच हवं होतं. घासाघीस करून मी कामाच्या मोबदल्यात निळ्या फायली मिळवल्या.

"आणि हे बॉक्स?"

"रबिश," तो म्हणाला.

मी पुन्हा विचारलं नाही. फायलींना गिऱ्हाईक होतं, बॉक्सना नव्हतं.

"अहो, त्यांना बसायला तरी सांगा," गल्ल्यावरून माझी बायको सुनंदा म्हणाली.

बाईंचं नाव मार्गारेट. जन्मतःच दत्तक गेलेल्या. आईचं माहेरचं आडनाव पेनरिज, एवढंच ठाऊक. पत्र म्हाताऱ्याचं होतं. 'तुमच्या आई सापडल्या. हयात आहेत. लग्नानंतरचं नाव आणि पत्ता कार्डावर उतरवलाय. पण त्यांना न विचारता कळवणं बरं नाही. त्यांचं उत्तर आलं की लिहितो.' मग आठवड्याभरात तेच गेले.

"पुतण्याला मी दोनदा लिहिलं, बॉक्स ठेवा म्हणून," त्या म्हणाल्या.

आम्ही व्हॅनने टिपवर गेलो. कागदांचा कंटेनर रिकामा होता.

"सकाळीच गेला, मेट. पल्पिंगला, लगदा करायला," तिथला कामगार म्हणाला.

मी त्या माणसाशी भांडलो. उगाच. मार्गारेट व्हॅनमध्ये बसून होत्या.

परत येऊन निळ्या फायली त्यांच्यापुढे ठेवल्या. आम्ही पान न पान पाहिलं. अ‍ॅडमिरलच्या कुत्र्याचंसुद्धा नाव होतं. आईचं नव्हतं.

मी पुतण्याला फोन लावला.

"बाईंची पत्रं आली होती ना?"

"आली होती. मला किल्ल्या द्यायच्या होत्या."

"आणि त्यांच्या आईचं काही उत्तर?"

"आठवत नाही. टपाल बरंच होतं."

"आठवत नाही? लाज वाटते का काही?"

"फेकलंस तू," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

पुढे त्याने गावभर तेच सांगितलं: अंकलचं आयुष्यभराचं काम त्या इंडियन क्लिअरन्सवाल्याने फेकलं. माझ्याकडे त्याच्या सहीचा कागद आहे, 'सर्व कागदपत्रं रबिश' असा. तो दुकानाच्या काचेवर लावायचं अजून मनात येतं.

मार्गारेटनी पेपरात जाहिरात दिली. कोणाचंही उत्तर आलं नाही. आई तेव्हा ऐंशीच्या घरात असणार.

त्यानंतर प्रत्येक घरातले कागद मी तीन महिने गॅरेजमध्ये ठेवतो. व्हॅन बाहेर पावसात उभी असते. सुनंदा कटकट करते. आजवर एकाही कागदासाठी कोणी आलेलं नाही.